हजेरीतलं नाव

३ सप्टेंबर

हेझी,

फोन तू उचलत नाहीस. आवाज पाठवला तर ऐकत नाहीस. म्हणून कागद, फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. तुला वाचता येत नाही, पण तुझ्या भंगाराच्या यार्डाशेजारचा टायरवाला रॉन तुझी पत्रं वाचून दाखवतो असं लायनस म्हणाला. माझ्या नवऱ्याशी तू बोलतोस आणि सख्ख्या बहिणीशी बोलत नाहीस, हा कुठला न्याय ते तुझं तुला माहीत. तर रॉनसाहेब, नमस्कार. मोठ्याने वाचा, माझा भाऊ एका कानाने कमी ऐकतो. मध्येच तो शिव्या देईल त्या मनावर घेऊ नका, त्या माझ्यासाठी आहेत.

आज माझी मिझेली मोठ्या शाळेत गेली.

एवढं एक वाक्य लिहायला मला संध्याकाळ झाली, कारण ॲपलबीच्या घोड्यांच्या मेळ्यात नदीकाठी चारचौघांत तू काय बोललास ते अजून कानात आहे. "ज्या दिवशी पोरीच्या गळ्यात टाय बांधशील, त्या दिवसापासून तुझ्या दारात माझी गाडी लागणार नाही." घोडे धुणारी माणसंसुद्धा हात थांबवून बघत होती. आपल्या जिप्सी लोकांत पोरी अकराव्या वर्षी शाळा सोडून घरी येतात, राहता ट्रेलर लख्ख ठेवायला शिकतात, धाकट्यांना सांभाळतात, हे तू मला सांगायला नको. मीही तशीच घरी आले होते. आज जे लिहितेय ते मिझेलीच्या पहिलीच्या पुस्तकांवर, तिच्याशेजारी बसून शिकलेलं आहे. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण माझं आहे.

तुझा सगळा राग माझ्यावर आहे, म्हणून हे ऐक. तो टाय मी बांधला नाही. आईने बांधला. सकाळी आपल्या ट्रेलरमधून उठून आमच्या ट्रेलरमध्ये आली आणि म्हणाली, "इकडे ये गं माझ्या नावाच्या पोरी." तिला गाठ येते ती एकच, घोड्याच्या दाव्याची. तीच मारली. ती काही संध्याकाळपर्यंत सुटली नाही, शेवटी टाय डोक्यावरून काढला. मी आईला म्हटलं, हेझी काय म्हणेल. तर म्हणाली, "हेझीला म्हणावं, आमची गाडी थांबेल तिथल्या शाळेत मला मागच्या बाकावर बसवायचे आणि रंगवायला बदक द्यायचे. दर शाळेत तेच बदक. माझ्या नावाची पोरगी बदकं रंगवणार नाही."

एका प्लॉटवर दोन मिझेली. हाक मारली की एक 'काय गं' म्हणते आणि दुसरी 'आले आई' म्हणते. आज दुपारभर हाकेला एकीचंच उत्तर येत होतं, तर घर कसं ओकंओकं वाटलं.

डिलाया

१९ नोव्हेंबर

हेझी,

उत्तर नाही. बरं. भिंतीशी बोलायची सवय मला लग्नापासूनच आहे.

मिझेली टिकलीये. सुरुवातीलाच वर्गातल्या एका पोराने तिला विचारलं, "तुझा बाप रात्री कुठल्या चर्चच्या छपराचं शिसं चोरायला जातो?" ती म्हणाली, "तुझ्या घरावर तर नाहीये ना शिसं? मग झोप निवांत." ही तुझीच जीभ, माझी नव्हे. घरी येऊन हसत हसत सांगितलं तिने, पण त्या दिवशी डबा न उघडता परत आला होता. बसवाला आपल्या ट्रेलरांच्या साइटच्या तोंडाशी थांबत नाही, म्हणून ती रोज सांडपाण्याच्या कारखान्यापर्यंत चालत जाते. तरी जाते. तिला भूगोल आवडतो. नकाशात बोट ठेवून आजीला नद्या वाचून दाखवते. आई प्रत्येक नदीबद्दल एकच गोष्ट विचारते, "काठाला गाडी लावू देतात का?"

शाळेत मिस पेंटन म्हणून एक बाई आहेत. आपल्या लोकांची मुलं शाळेत टिकावीत, एवढंच बघायचं त्यांचं काम. परवा घरी आल्या होत्या. कुणी न सांगता दारात बूट काढले. आईने माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे बाई पास. चहा घेतला, केक खाल्ला, पोरीचं तोंडभरून कौतुक केलं. आणि निघताना, बोटांना क्रीम लागलं होतं म्हणून, भांड्यांच्या पातेल्यात हात धुतले.

रॉनसाहेब, तुम्ही गॉर्जर, म्हणजे आमच्यातले नसलेले, तुमच्या घरी हे चालत असेल. आमच्याकडे खरकट्या भांड्यांचं पातेलं वेगळं, हातातोंडाचं वेगळं. एकात दुसरं केलं की विटाळ झाला. पोरगी कानापर्यंत लाल. बाई फाटकाबाहेर जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग आईने ते पातेलं उचललं आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिलं. म्हणाली, "बिचारी. एवढी शाळा शिकली आणि पातेली दोन असतात हे कुणी शिकवलंच नाही." स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तो थांबेना.

त्या ठसक्याचंच सांगायचं आहे. तिला गिळायला त्रास होतो. उन्हाळ्यापासून होता, लपवत होती. इस्पितळात नेलं. डॉक्टर भराभर बोलत होता, मला अर्धं कळलं, आई तर छताकडेच बघत होती. शेवटी मिझेलीने विचारलं, "गाठ चांगली आहे की वाईट?" तेव्हा तो थांबला आणि त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. पुढे जे काही सांगितलं ते आमच्या अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं, आणि तिने आम्हाला.

वाईट आहे, हेझी. हेझीला कळवू नको असं आई म्हणाली होती. कळवलं.

डिलाया

११ जानेवारी

हेझी,

ये.

राग गाडीत ठेव आणि ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या हातचा चहा पिऊ नकोस, आईजवळ बस फक्त. ती इस्पितळात राहायला तयार नाही. ज्या गादीवर माणसं मरतात तिच्यावरच दुसऱ्याला झोपवतात म्हणे. स्वतःच्या ट्रेलरमध्ये आहे. कुणी ना कुणी पाळीने उशाशी बसतं.

काल लायनससमोर आणि पोरीसमोर मला म्हणाली, "माझ्यामागे हिला घरी बसवायचं नाही. हेझीला सांग, मी सांगितलं म्हणून." मी हो म्हटलं. पोरीनेही हो म्हटलं. लायनसने मान हलवली, म्हणजे त्याच्या हिशेबाने भाषण झालं.

रॉनसाहेब, हे आत्ता लगेच वाचून दाखवा. टायर नंतर बदला.

डिलाया

२४ फेब्रुवारी

हेझी,

तू आलास. चार रात्री तिच्याजवळ जागलास. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली असतीस तरी मी तेवढ्यावर वर्ष काढलं असतं.

रॉनसाहेब, आधी तुमच्याशी बोलते. माझ्या जुन्या पत्रांमध्ये एक नाव आहे. ती पत्रं याने ठेवली असतील तर जाळून टाका, आणि ते नाव पुन्हा त्याच्यासमोर उच्चारू नका. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. नाव घेतलं की ते मागे वळतं, आणि ज्याला पुढे जायचं आहे त्याला मागे वळवू नये. त्याचं काही ठेवतही नाही. शेजारच्या शेतमालकाच्या माळावर आम्ही तिचा ट्रेलर पेटवला. तिच्या चिनी मातीच्या बशा आधी फोडल्या, मग पडदे, गादी, एप्रन, सगळं आत. फार लवकर जळालं.

आता तुझ्याशी. आगीच्या पलीकडे उभा राहून तू सगळ्यांना म्हणालास, "आजपासून हे नाव आपल्यात कुणी घ्यायचं नाही." बरोबर बोललास. पण तेच नाव अंगावर असलेली एक पोरगी माझ्या शेजारी उभी होती. आपल्या घराण्यात अशा वेळी थोरल्याने नवं नाव द्यायचं असतं, राख गरम आहे तोवर. बापाने आपल्या चुलतभावाला दिलं होतं, तू पाहिलं आहेस. सगळे थांबले होते, हेझी. म्हाताऱ्या बाया थंडीत कुडकुडत थांबल्या होत्या. पोरगी तुझ्याकडे बघत होती. तू तिच्याकडे बघितलंस, तिच्या अंगावरच्या शाळेच्या कोटाकडे बघितलंस, आणि गाडीत बसून निघून गेलास.

तो कोट तिचा एकमेव काळा कोट होता. मुद्दाम नाही घातला.

आता मी तिला काय हाक मारू? 'पोरी' म्हणते, 'बाळा' म्हणते. साइटवर अर्ध्या बायका 'पोरी' म्हटल्यावर वळून बघतात. नाव पाठव. रॉनला सांग, तो कागदावर लिहील. एक शब्द लिहायला काय लागतं?

डिलाया

१७ मार्च

हेझी,

नाव आलं नाही, म्हणून काय झालं ते सांगते.

शाळेत रोज सकाळी हजेरी होते. कॉलवेल सर कॉम्प्युटर बघून एकेक नाव पुकारतात, पोरं 'हजर सर' म्हणतात. आमच्या पोरीचं नाव पुकारलं जातं तेव्हा ती गप्प बसते. पहिल्या बाकावर, त्यांच्या नाकासमोर. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी तुला बघतोय, तू इथे आहेस, तू मला बघतेयस. मग हजर म्हणायला काय जीभ झिजते?" वर्ग हसला. ती टेबलाकडे बघत राहिली. सरांनी गैरहजर लावली.

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या फोनवर निरोप येतो की आपली मुलगी आज शाळेत आलेली नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी चपलेनिशी रस्त्याला लागले, बसखाली आली की कालव्यात पडली काही सुचेना. शाळेत पोचले तर ही वर्गात फळ्यावरचं उतरवून घेत बसलेली. बसलेल्या पोरीला नाही म्हणतात, हेझी.

आता तिला उद्धटपणाबद्दल वेगळ्या खोलीत बसवतात. एकटीला, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, "का नाही सांगत सरांना?" तर म्हणाली, "काय सांगू? कुणाचं नाव आहे ते सांगायचं म्हणजे नाव आलंच की."

मिस पेंटन धावत आल्या. बाईला मी वाईट म्हणणार नाही. सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? दुसरं कुठलंही नाव सांगा. कॉम्प्युटरवर मी आज दुपारी बदलते. हवं ते नाव."

मी म्हटलं, "भावाला विचारावं लागेल."

"भाऊ कुठल्या खात्यात असतात?"

"भंगाराच्या," मी म्हणाले.

कसं सांगू त्यांना. नाव काय दुकानातून आणता येतं? मी एक आणून बघितलं. रोझ म्हणाले. दोन दिवस रोझ, रोझ करत होते. पोरीने वळूनही बघितलं नाही. "मामाने दिलंय का हे?" म्हणाली. "मामाने दिलं नाही तर आजीला कसं कळेल की ते नाव आता माझं नाही? ती मला शोधत येईल." तिची समजूत काय काढू, माझीही समजूत तीच आहे.

तुझ्या हातात आहे. तुला हे माहीत आहे आणि म्हणूनच तू गप्प आहेस. पोरीला घरी बसवायला तुला यावंच लागलं नाही. नुसतं न बोलून तू ते करतोयस. चांगल्या बातम्यांना तू बहिरा असतोस, पण हे तुला दोन्ही कानांनी ऐकू येत असेल. आई काय सांगून गेली ते आठव.

डिलाया

९ मे

हेझी,

शाळेने मीटिंग बोलावली होती. मुख्याध्यापिका, कॉलवेल सर, मिस पेंटन, मी आणि पोरगी. लायनस बाहेर गाडीत बसला. आत खुर्च्या फार म्हणाला.

मीटिंग चांगली झाली. सगळे नीट बोलले. शेवटी पोरीने हजेरीला उत्तर दिलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पाहा बरं, किती सोपं होतं.

त्यानंतर पोरगी शाळेत गेलेली नाही. का ते मला काय ठाऊक. शाळेतच काहीतरी झालं असेल. सकाळी उठते, ट्रेलर झाडते, पुसते, पुन्हा पुसते. माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं तर स्वतःचं ताट स्वतः पुन्हा धुऊन घेते, मी धुतलेलं असलं तरी.

तू नाव पाठवलं असतंस तर हे झालं नसतं. बाकी मला काही माहीत नाही.

डिलाया

२० जून

हेझी,

गाडीतून उतरलासुद्धा नाहीस. इंजिन चालू ठेवून हॉर्न दिलास, आणि ती एक पिशवी घेऊन निघाली. बापाच्या फोनवरून तिनेच तुला बोलावलं होतं, हे मला नंतर कळलं. लायनसला माहीत होतं. त्याच्याशी मी आठवडाभर बोलले नाही. त्याला त्याचा फारसा फरक पडला नाही.

मी फाटकाशी उभी होते. हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडात काही नव्हतं. 'पोरी' म्हटलं. शेजारच्या प्लॉटवरच्या दोघी वळल्या. ती नाही वळली.

पुस्तकं इथेच आहेत. टाय खुंटीला आहे. तिच्या मामेबहिणी तिला नीट वागवतात का? तिला सकाळी अंडं लागतं, मऊ नको. रॉनसाहेब, हे वाचताना जरा हळू वाचा.

डिलाया

१४ ऑक्टोबर

हेझी,

लायनस म्हणाला, रॉनने दुकान विकलं आणि तो मुलाकडे राहायला गेला. मला वाईट वाटलं. तो माणूस मी कधी बघितला नाही, पण वर्षभर माझं सगळं त्याच्या तोंडून गेलं.

म्हणजे आता तुझ्या घरात वाचता येणारं एकच माणूस आहे. हे पत्र तुला कोण वाचून दाखवतंय ते मला ठाऊक आहे. तिचा आवाज मला इथे ऐकू येतोय. ओळीखाली बोट ठेवते, पूर्णविरामाला थांबते.

पोरी, इथून पुढचं तुला आहे. मामाला मोठ्याने वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मीटिंगमध्ये काय झालं ते मी तुझ्या मामाला खोटं लिहिलं. तू त्याला सांगितलं नाहीस हेही मला माहीत आहे, नाहीतर त्याने मला एवढ्यात उभं जाळलं असतं. मी लिहिलं, शाळेत काहीतरी झालं असेल. शाळेने काही केलं नव्हतं. शाळेने चहा दिला होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या की आठवडाभरात उत्तर दिलं नाही तर तुला दुसऱ्या जागी पाठवावं लागेल, जिथे काढून टाकलेली पोरं ठेवतात. मला आजीला दिलेला शब्द आठवला. दुसरं काही आठवलं नाही. मी तुझ्याकडे वळले आणि तुला त्या नावाने हाक मारली. सगळ्यांसमोर, पूर्ण नावाने, अगदी तुझी आजी मारायची त्याच सुरात. म्हणाले, उत्तर दे.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या मागे, दाराकडे बघितलंस. कुणी आत आल्यावर बघतात तसं. मी वळले नाही, मला भीती वाटली. मग तू म्हणालीस, "हजर, मिस." कॉलवेल सरांनी टाळी वाजवली. तू खुर्ची आत सरकवलीस, कालव्याच्या कडेने चालत घरी आलीस आणि संध्याकाळपर्यंत चूळ भरत होतीस.

ती आली होती का? मला विचारायचं धाडस झालं नाही. पुसून पुसून तू ट्रेलर पांढरा केलास, तो तिच्यासाठी की माझ्यासाठी?

आता काय आहे ते सांगते. परवा मिस पेंटन येऊन गेल्या. पुन्हा केक खाल्ला. हात धुवायला उठल्या तेव्हा मीच उठून हातातोंडाचं पातेलं पुढे केलं. म्हणाल्या, शाळेत तुझी जागा अजून आहे. कॉम्प्युटरवर नाव असेपर्यंत जागा राहते. आणि नाव असेपर्यंत रोज सकाळी ते पुकारावं लागतं, तसा नियमच आहे. म्हणजे तू गेल्यापासून रोज सकाळी त्या वर्गात तुझ्या आजीला हाक मारतात, आणि कुणी उत्तर देत नाही. मी विचारलं, हे थांबवायचं कसं?

थांबवायचे दोन मार्ग आहेत. मी सही करून द्यायची की मुलगी आता शाळेत येणार नाही, घरीच शिकेल. मग नाव पुसतात, जागाही जाते. नाहीतर त्या नावाच्या जागी नवं नाव सांगायचं.

हेझी, हे तुला आहे. पोरी, हे मोठ्याने वाच. तू तिला घेऊन गेलास, तुझ्या घरात तिला कुणी 'ए' म्हणून तर हाक मारत नसेल. नाव दिलं असशील. मला ते सांग. मी तुझ्या पाया पडत नाही, मला ते येत नाही, पण हे लिहिताना खुर्चीत बसलेली नाही, एवढं समज. नाव सांग म्हणजे मी ते शाळेत नेऊन देते आणि जागा राहते. पोरगी परत येवो न येवो, जागा राहू दे. आपल्या आईने मागितलेली एकच गोष्ट आहे ती.

महिनाअखेरीपर्यंत वाट बघते. रोज सकाळी हजेरीच्या वेळेला मी आता कान झाकून घेते, एवढ्या लांबून काही ऐकू येत नाही तरी.

डिलाया

२ नोव्हेंबर

हेझी,

तुझं उत्तर मिळालं. वर्षभरात पहिलं. अक्षर ओळखलं, शाळेत पोरीला त्या अक्षरासाठी शाबासकी मिळाली होती.

"मामा म्हणतात, नाव दिलं आहे. ते आपल्या माणसांसाठी आहे, गॉर्जर लोकांच्या यंत्रात घालायला नाही. तुला सांगितलं तर तू शाळेत सांगशील, म्हणून तुला सांगायचं नाही." तू बोललास आणि तिने लिहिलं. एकही चूक नाही. माझ्या पोरीने माझ्यासाठी बंद केलेलं दार इतक्या सुबक अक्षरात आहे की मी ते चारदा वाचलं.

आज सही केली. लायनस बरोबर आला होता, या वेळी आत आला. मिस पेंटन रडल्या. मी नाही रडले, मला घाई होती. त्यांना म्हटलं, माझ्यासमोर पुसा. त्यांनी पुसलं. उद्या सकाळी त्या वर्गात कुणी आईला हाक मारणार नाही. झोपू दे तिला. शब्द मोडला ते मी वर गेल्यावर बघून घेईन.

पोरी, आता तुला. कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक लिहिलेलं मला दिसलं. मामाला दिसणार नाही हे तुला माहीत होतं. "आई, माझी भूगोलाची पुस्तकं जाळू नकोस."

नाही जाळत. आपण जाळतो ते गेलेल्यांचं. तू फक्त मामाकडे आहेस.

आई